सहा पाहुण्यांचं घर

नवसाबाई,

हे पत्र तू स्वतः वाचणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. चौथीपर्यंतची अक्षरं तुला येतात, पण माझं अक्षर औषधाच्या दुकानदारालाही लागत नाही. तुझी सून सविता वाचून दाखवेल आणि अवघड शब्द आला की गाळेल. गाळू दे. मुद्दा एवढाच आहे की तुझ्या घराचा नंबर तीन वर्षं बंद आहे. पाड्यातली बाकीची सहा घरं नंबराने, पाळीपाळीने, पाहुणे घेतात आणि तुझ्या पडवीत कोणी उतरत नाही. हे सगळं एका नारळापायी, आणि तो नारळ मी आणायचा होता.

हे मला परवा कळलं, सावळीरामकडून. तू तीन वर्षांत चकार शब्द काढला नाहीस. दर वाघबारसेला, दिवाळीच्या तोंडावर, फोन केलास, माझे गुडघे विचारलेस, प्रफुल्लचं लग्न जमलं का विचारलंस, सविताला सांगून माझ्यासाठी नागलीचं पीठ एस.टी.ने पाठवलंस. नारळाचं नाव नाही. मला राग आला आहे. आधी तुझा आला, मग माझा.

बाकीचं तुला माहीत आहे, ते तुलाच काय सांगायचं? पण हे मी छापायला देणार आहे आणि वाचणाऱ्यांना नवसाबाई कोण ते माहीत नाही. तेव्हा थोडा वेळ तुझ्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलते. तू तोवर चुलीकडे बघ.

तर ही नवसाबाई. पेठच्या पुढे घाटमाथ्यावर कुंडाचा पाडा म्हणून अडतीस घरांची वस्ती आहे, तिथली. नवरा सावळीराम. वय विचारलं तर सांगते, "सावळीरामपेक्षा चार पावसाळे कमी." पाड्याच्या टोकाला डोंगर एकदम तुटतो आणि खाली गुजरातच्या बाजूची दरी उघडते. आषाढ-श्रावणात नाशिकची माणसं रविवारी तिथं गाड्या घेऊन जातात. मीही तशीच गेले होते, सात वर्षांपूर्वी. प्रफुल्ल, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, सहली नेण्याचा धंदा नवाच सुरू करत होता आणि त्याला जागा बघायच्या होत्या. मी वनस्पतिशास्त्र चौतीस वर्षं शिकवलेलं, तेव्हा झाडांची नावं सांगायला मावशी बरी.

आम्ही कड्यावर बसून खाल्लं, नावं सांगून झाली, निघालो. पहिल्याच वळणावर रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर इरलं, हातात खताची रिकामी पिशवी. प्रफुल्लने करकचून ब्रेक दाबला. बाई खिडकीशी आली आणि पिशवी आत सरकवून म्हणाली,

"तुमचं राहिलं."

कोणी छत्री विसरून निघालं की आपण मागून पळत जाऊन ज्या सुरात सांगतो, तोच सूर. पिशवीत वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या दोन बाटल्या, कागदी कप.

"हे आमचं नाहीये," प्रफुल्ल म्हणाला.

"तुमचंच हाय. मी वरून बघत व्हते. ह्ये लाल पाकीट त्या बाईंनी फोडलं."

त्या बाई म्हणजे मी. दर पाच जूनला पर्यावरणावर व्याख्यान देणारी. मी पिशवी मांडीवर घेतली.

"संत्र्याची सालं ठेवून घेतली," ती म्हणाली. "ती कुजतात. हळू जावा, पुढं म्हशी हायत."

नंतर कळलं, दर रविवारी ती प्रत्येक गाडीला असं थांबवायची. काहीजण शिव्या द्यायचे. एकाने पिशवी पुढच्या वळणावर फेकली, तर ती आडवाटेने उतरून पुन्हा त्याच्यासमोर उभी. "तुमचं परत राहिलं." मला अशी माणसं आवडतात. पुढच्या आठवड्यात मी एकटी एस.टी.ने गेले.

नवसाबाईने आणि सावळीरामने बावीस हिवाळे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत काढले. दसरा झाला की पाड्यातली अर्धी घरं कुलूप लावून बागांवर जायची, छाटणी आणि विरळणी करायला, आणि होळीला परत यायची. शेवटच्या वर्षी त्यांच्या मालकाच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. पोहण्याचा हौद, झोके, दिव्यांच्या माळा. नवसाबाईला भांड्यांवर ठेवलं. एक हंगाम तिनं तिथं ताटं घासली आणि घासता घासता बघितलं.

"तिथं पाहुण्याला कोणी नाव इचारत नाय, बाई. खोलीचा नंबर इचारतात. चार नंबरला च्या, सात नंबरला टावेल. आन् ताटात निम्मं टाकून उठतात. मला वाटायचं, ह्यांना कोणी वाढलंच नाय, म्हणून टाकतात."

त्या होळीला परत आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "औंदा बागंवर जायचं नाय. आपन पाहुणे ठेवू."

सावळीराम कमी बोलतो. त्यानं दोनच प्रश्न विचारले. "कुठं?"

"पडवीत."

"आन् संडास?"

ह्या दुसऱ्या प्रश्नाला ग्रामीण पर्यटनावरच्या मी ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त किंमत आहे. सावळीरामने आधी संडास बांधला. तीन महिने लागले, कारण दगड तो स्वतः फोडत होता. मग पडवी सारवली, दोन खाटांची जागा झाली, चार माणसं खाली अंथरुणावर. सहा.

सहाच का, ह्यावर प्रफुल्लने तिच्याशी घातलेला वाद मी ऐकलेला आहे.

"मावशी, आठ करा ना. दोन लहान मुलं आहेत."

"ल्हान पोरं जास्त खातात."

"मग एक बाई मदतीला घ्या. दुसरी चूल मांडा."

"हे बघ दादा, मी भाकर थापते, तव्यावरनं सरळ ताटात टाकते. सहा जणांपतूर माझा हात पुरतो. सातव्याला गार भाकर जाती. गार भाकर खायला घाट चढून कशाला यायचं? घरी फ्रीज हाय की तुमच्या."

"पण असा धंदा वाढणार कसा?"

"वाढवायचाय कोणाला? मला बागंवर जायचं नाय, एवढंच हाय."

प्रफुल्लने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा त्याच्याच बाजूची होते, हे कबूल करते. माझ्या डोक्यात फलक होता, नकाशा होता, झाडांच्या नावांच्या पाट्या होत्या. मी तिला तासभर शाश्वत पर्यटन म्हणजे काय ते समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, बोला ना. पर बोलता बोलता ह्या लसणी सोला."

पहिली तीन-चार वर्षं, मधला करोनाचा काळ सोडला तर, तिचं घर असंच चाललं. सहा पाहुणे, गाणी वाजवायची नाहीत, कचरा घरी न्यायचा, सकाळी झऱ्यावर जायचं तर प्रत्येकाने एक हंडा भरून आणायचा. इंदिरानगरातल्या माझ्या मैत्रिणी, ज्या घरी पाण्याचा ग्लास उचलून ठेवत नाहीत, त्या डोक्यावर हंडा घेऊन फोटो काढून घेत. हंडा अर्धा सांडलेला असे. नवसाबाई म्हणे, "असू दे, वाटेतल्या झाडांना झालं."

आता तेरा. तेरा म्हणजे त्या डोंगरातलं रानअळू. पावसाचा जोर झाला की कपारीकपारीतून त्याची पानं वर येतात. पण पान आलं म्हणून कोणी खुडत नाही. पाड्यातली जाणती माणसं एक दिवस ठरवतात. त्या दिवशी सगळी घरं मिळून डोंगरात जातात, तेरा आणतात, देवापुढे टोपली ठेवतात, भगत देवाला सांगतो, मग घरोघर शिजतो. त्याच्या आधी तेराचं एक पान पाड्याच्या शिवेत शिजत नाही. सणाचं नावही तेराच. कॅलेंडरात तो सापडणार नाही. पाऊस, पीक, पाड्यातली सुखदुःखं बघून दिवस ठरतो, आणि कधीकधी ठरलेला पुढेही जातो.

मला हे कळल्यावर फार आनंद झाला होता. मी तिला सांगितलं, ह्यात विज्ञान आहे. कोवळी पानं लगेच खुडली तर खालचा कंद पोसत नाही, पुढच्या वर्षी रोप बारीक येतं. थांबल्यामुळे डोंगर टिकतो.

"आसंल," नवसाबाई म्हणाली. "आमी इचारून खातो, एवढंच मला ठावं."

तीन वर्षांपूर्वी प्रफुल्लने रानभाजी सहल काढायची ठरवली. एका रविवारी, एक बस, बेचाळीस माणसं, पाड्यात जेवण. अर्थात तेरा झाल्यानंतरचा रविवार हवा. त्यानं मला विचारलं, मावशी, दिवस कधीचा असेल? आणि मी नवसाबाईला विचारायचं सोडून माझी वही काढली. चार वर्षांच्या नोंदी होत्या: पाऊस कधी सुरू झाला, तेराचं पहिलं पान कधी दिसलं, सण कधी झाला. मी सरासरी काढली आणि तारीख दिली. म्हटलं, चोवीस तारखेला घे, एक आठवडा शिल्लक ठेवून सांगतेय. त्यानं जाहिरात केली. बस भरली.

माझा हिशेब चुकला नव्हता. पाऊस वेळेवर आला, पानही वेळेवर आलं. पण पाड्यातली एक म्हातारी वारली. बारा दिवस होईपर्यंत सण नाही.

नवसाबाईचा फोन आला तो शुक्रवारी. "बाई, तेरा झाला नाय अजून. पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात येऊ द्या."

"अगं, बेचाळीस लोक आहेत. पुढच्या आठवड्यात कसं जमेल?"

"मंग आत्ता येऊ द्या. नागलीची भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी करते. रानभाजी नाय."

"रानभाजीसाठीच येतायत ते!"

"मंग तेरा व्हईपतूर थांबतील."

मी फोन ठेवला. मी चिडले होते. बाजारात गेले, तर तिथं हरसूलकडच्या बायका तेराच्या जुड्या घेऊन बसलेल्या. त्यांच्याकडे सण होऊन गेला असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. मला वाटलं, सापडला तोडगा. नियम कशाचा आहे? ह्या डोंगरातलं पान खुडू नये ह्याचा. हे पान ह्या डोंगरातलं नाही. तीन पिशव्या भरून घेतल्या. वनस्पतिशास्त्र शिकलेली बाईच असा युक्तिवाद करू शकते.

रविवारी बस पोचली. नवसाबाई अंगणाच्या कडेला उभी होती. मी पिशव्या घेऊन उतरले आणि माझा युक्तिवाद सांगितला. तिनं पिशवीत डोकावून बघितलं, हात लावला नाही.

"बाई, ह्या बसमध्येच राहू द्या."

"पण हा तुमचा नाहीच. बाजारातला आहे."

"राहू द्या म्हणते ना."

भांडावं असं तिच्या आवाजात काही नव्हतं. ती वळली आणि बेचाळीस माणसं मोजून पाड्यात शिरली. घरटी सहा. शेजारची कुसाबाई, तिच्यापुढची सुलाबाई, अशी आणखी सहा घरं तिनं त्या दिवशी उघडायला लावली. ज्या घरात म्हातारी गेली होती तिथंही जाऊन आली, वाढायला सांगायला नाही, विचारायला, की आज पाड्यात पाहुणे जेवले तर चालेल का. मग बसमधल्यांना हाताला धरून घरोघर नेऊन बसवलं. प्रत्येकाला तव्यावरची भाकर मिळाली. आज पाड्यात जी घरं पाहुणे घेतात ती ह्याच दुपारची. नवसाबाईला धंदा वाढवायचा नव्हता आणि तिनं तो एका तासात सातपट केला, सातवं ताट गार पडू न देता.

इथं मी थांबायला हवं होतं. प्रफुल्लनेही.

जेवण झाल्यावर कड्याकडे निघालेल्या मंडळींत कुरकुर सुरू झाली. "जेवण छान होतं हो, पण रानभाजी कुठाय?" "जाहिरातीत तर तेरा लिहिलं होतं." "फोटो तरी कशाचा टाकायचा?" प्रफुल्ल घाबरला. त्याच्या बसच्या डिकीत गॅसची शेगडी असते, चहासाठी. पाड्याबाहेर रस्त्याकडेच्या उंबराखाली त्यानं ती काढली आणि पिशव्याही काढल्या.

"मावशी, नुसती चवीपुरती. घरात तर नेत नाही ना आपण."

मी नाही म्हणाले नाही. उलट म्हणाले, "चिंच घाल, नाहीतर सगळ्यांचे घसे खाजतील." शिजला तेव्हा द्रोणात घेऊन मी सगळ्यांना त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं, आणि खाल्लाही. चांगला झाला होता.

त्याच वाटेने सहादूबाबा गुरं घेऊन आला. सहादूबाबा म्हणजे पाड्याचा भगत, तेराची टोपली उघडणारा. ऐंशीच्या पुढचा, काठीएवढाच बारीक. त्यानं वास घेतला.

"काय शिजतंय?"

"तेरा," मी म्हणाले. "पण आमचा आहे बाबा. नाशिकच्या बाजारातला."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं असं मला आता वाटतं.

"बाजारात उगवला व्हय?"

तो उंबर पाड्याच्या शिवेत येतो की बाहेर, हे मला माहीत नव्हतं. येतो. सहादूबाबा गुरं हाकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाडा बसला. पाहुणा ज्याच्या दारी, चूक त्याच्या दारी, असं ठरलं. बेचाळीस माणसं नवसाबाईने बोलावलेली, म्हणून दोष तिच्यावर आला. दंड नाही, बहिष्कार नाही. सहादूबाबाने एवढंच सांगितलं की ज्या बाईने शिजवायला लावलं तिनं येत्या तेराला नारळ घेऊन यावं, त्याच्या हातात द्यावा, चार माणसांत सांगावं की मी विचारलं नाही. देवाला तो सांगेल. मग झालं.

नवसाबाईने मला फोनवर सांगितलं ते मात्र निम्मंच.

"बाई, तेराला या. एक नारळ आणा. सहादूबाबाच्या हातात द्या. बास."

"का?"

"त्यो म्हणतोय."

आणि मग मी तिला फोनवर भाषण दिलं. की मी आयुष्यभर असल्या गोष्टी मानल्या नाहीत. की बाजारातली भाजी शिजवली म्हणून देव रागावत असेल तर त्याचं त्याला लखलाभ. की मी नारळ फोडणारी बाई नाही.

"फोडायचा नाय, बाई," ती म्हणाली. "द्यायचा."

"तेच ते."

"बरं," नवसाबाई म्हणाली, आणि माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

मी गेले नाही. पुढच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन मे महिन्यात झालं आणि सबब आषाढातही पुरली. त्याच्या पुढच्या वर्षी मला आठवण झाली नाही, किंवा मी होऊ दिली नाही. प्रफुल्लच्या सहली जातच होत्या. एकदा तो म्हणाला, "नवसाबाई हल्ली पाहुणे घेत नाहीत. वय झालं बहुतेक." मलाही ते पटलं. माणसाला सोयीचं ते चटकन पटतं.

परवा सावळीराम नाशिकला डोळे दाखवायला आला आणि नागलीच्या पिठाची पिशवी द्यायला माझ्याकडे इंदिरानगरात चढून आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला, बशीत चहा ओतला. मी विचारलं, "नवसाबाई दमली का? पाहुणे बंद केले म्हणे."

"दमली कुठं? सहा घरांत तीच फिरती. कुसाबाईला मीठ सांगती, सुलाबाईच्या पाहुण्यांना झऱ्यावर नेती. आपल्याच घरी घेत नाय."

"का पण?"

"नारळ आला नाय ना."

मग सगळं बाहेर आलं. त्या तेराला नारळ आला नाही, तेव्हा तो येईपर्यंत नवसाबाईच्या घराचा नंबर थांबवायचा, असं पाड्यानं ठरवलं होतं. गेल्या दोन्ही हिवाळ्यांत ती दोघं पुन्हा बागेवर गेली होती. बावीस हिवाळ्यांनंतर सोडलेल्या त्याच बागेवर. हे मला माहीत नव्हतं. वाघबारसेचा फोन ती बागेच्या रस्त्यावरच्या टपरीजवळून करत असे, मागून ट्रॅक्टरचे आवाज येत, आणि मी तिला विचारत असे, अगं, पाड्यात ट्रॅक्टर कधी आला?

"आणि सहादूबाबा?" मी विचारलं.

"माघात गेला." सावळीरामने बशी खाली ठेवली. "तिन्ही वर्षं तेराला त्यो टोपली उघडायच्या आधी इचारायचा, बाई आली का. मंग पेठची दुपारची गाडी येईपतूर थांबायचा. गाडी आली, तुमी नसलात, का मंग उघडायचा."

चौतीस वर्षं वर्गात उशिरा येणाऱ्यांना मी बाहेर उभं केलं आहे.

"पाड्यानं तिला सांगितलं," तो पुढे म्हणाला. "बाबा गेला, आता सोड, घे पाहुणे. ही म्हणली, सांगनारा गेला म्हणून सांगितलेलं जातं का?"

"मला का नाही सांगितलंत रे? मी आले असते ना!"

"मी म्हणलं तिला. तर म्हणली, बाईला सांगितलं तर ती येईलच. पर मंग ती माझ्यासाठी येईल."

दोन दिवस मी ह्या वाक्यावर बसून आहे. मला ते आधी हट्टी वाटलं, मग अन्यायाचं, आणि आता बरोबर वाटतं, जे मला आवडत नाही. मी तिच्या घरासाठी गेले असते, एक नारळ नेला असता, प्रसंग साजरा करून परत आले असते, आणि चूक माझी होती हे मनात एकदाही म्हटलं नसतं. मनात मी अजून वही घेऊनच उभी होते, की तारीख बरोबर होती.

आम्ही डोंगरात जातो तेव्हा कचरा परत आणायला शिकलो आहोत, प्लास्टिक नेत नाही, स्थानिक जेवतो, त्याचे फोटो टाकतो. रविवार मात्र आमचाच लागतो. पाड्यानं 'आज नाही' म्हटलं की आम्हाला तोडगा सुचतो, आणि जितकं शिक्षण जास्त तितका तोडगा चांगला. नवसाबाईने सात वर्षांपूर्वी संडासापासून जे उभं केलं त्यात एकच गोष्ट तिची स्वतःची नव्हती, तेराचा दिवस. तो पाड्याचा होता. नेमका तोच मी तिच्या वतीने देऊन टाकला, आणि त्याबद्दल तिनं बागेवर दोन हिवाळे काढले.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, नवसाबाई.

सावळीराम गेल्यावर मी खाली जाऊन नारळ आणला. मग तुला फोन केला, तेरा कधी? तू म्हणालीस, "नाय ठरलं." काल पुन्हा केला. "नाय ठरलं, बाई." आज सकाळी तिसऱ्यांदा केला, तर तू हसलीस. "बाई, तुमी शाळेत पोरांना असंच पिडायचा का?" मी विचारलं, सहादूबाबा नाही, मग नारळ द्यायचा कोणाच्या हातात? पाड्याला विचारशील का? तू म्हणालीस, विचारते, पण ते आत्ता नाही, दिवस ठरेल तेव्हा पाडा बसेल, तेव्हा. मला लगेच उत्तर हवं होतं. मी वही काढली, गेल्या सात वर्षांचे पावसाचे आकडे बघायला, आणि परत ठेवून दिली.

दिवस कळला की मी पेठच्या गाडीने येईन. प्रफुल्लची गाडी नको. चार माणसांत उभं राहून जे बोलायचं ते बोलेन, ज्याच्या हातात पाडा सांगेल त्याच्या हातात नारळ ठेवीन. तुझ्या घराचा नंबर त्यानंतर उघडायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

पण एक गोष्ट तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू मला सांगितलं होतंस ते काम निराळं होतं. नारळ सहादूबाबाच्या हातात द्यायचा होता. तो तीन वर्षं दुपारच्या गाडीपर्यंत थांबला. ते माझं राहिलं.